मावळातल्या सात जणी

लहानपणी मे महिन्यात मुळशीकडे आजीच्या माहेरी जायचो तेव्हा आजी एकच गोष्ट बजावायची, भर बाराच्या उन्हात डोहात उतरायचं नाही, आसरा धरतात. डोहाच्या काठाला शेंदूर फासलेले सात ओबडधोबड दगड होते, ना नाक ना डोळे, पुढे हिरव्या बांगड्या आणि खणाचा तुकडा. आजी त्यांना साती आसरा म्हणायची, शेजारची म्हातारी मावलाया म्हणायची. मी विचारलं, "आजी, ह्यांची नावं काय गं?" तर म्हणाली, "सात बहिणी हायेत, बायांची नावं कोण इचारतं" आणि पाण्यात हळदकुंकू सोडलं.

आसरा म्हणजे अप्सराच, पण ह्या इंद्राच्या दरबारातल्या नाहीत, इथल्याच डोहात राहणाऱ्या, पोरांना आणि बाळंतिणींना धरतात म्हणून त्यांची भीती आणि पोर व्हावं म्हणून ओटीही त्यांचीच.

पुढे पुण्यात कॉलेजला असताना दामोदर धर्मानंद कोसंबी वाचले आणि अक्षरशः झोप उडाली. गणिताचा माणूस, पण पुण्याच्या आसपासचे डोंगर पायी तुडवून त्यांनी असली ठाणी शोधली आणि तिथेच त्यांना गारगोटीची बारीक बारीक हत्यारं सापडत गेली, म्हणजे गाव वसायच्या, नांगर यायच्याही आधी गुरं घेऊन फिरणाऱ्या माणसांच्या वाटा ह्या आयांपाशी येऊन मिळत होत्या. मावळ म्हणजे मावळतीकडचा मुलूख असं आपण शाळेत शिकलो, पण कोसंबी ह्या नावाचा संबंध मावलायांशीच जोडतात, आणि कार्ल्याच्या लेण्यातल्या सातवाहनांच्या काळातल्या शिलालेखात हा भाग 'मामाल' म्हणूनच येतो. मला हे मनापासून पटतं. अख्ख्या मुलखाला आयांचं नाव आणि आपण त्यांना भुताटकीत जमा करून मोकळे झालो ह्याचं फार वाईट वाटतं, कारण त्या ज्यांच्या देवी होत्या त्या माणसांचं दुसरं काहीच उरलेलं नाही, ना नाव ना भाषा, फक्त ती बारीक हत्यारं आणि पाण्याकाठचे हे दगड.

मागच्या दिवाळीत परत गेलो होतो. ओढ्याला पाणी नावाला, वर टाइल्स लावलेलं छोटं देऊळ झालंय, आत संगमरवरी मूर्ती, एकच. जुने दगड मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेत. मोजले तर सहा भरले. तिथे बसलेल्या पोराला विचारलं सातवा कुठंय रे, तर तो म्हणाला, "सात असतात का?"