एनजिनएक्सच्या सामायिक मेमरीचा आकार ठरवताना: माझा अनुभव

आमच्या संकेतस्थळावर नाटकाच्या तिकिटांची विक्री सुरू होताच एकदम गर्दी उसळते, म्हणून एनजिनएक्स या आमच्या वेब सर्व्हरमध्ये प्रत्येक आयपी पत्त्यामागे विनंत्यांचा वेग बांधून देण्याचे काम माझ्याकडे आले. एनजिनएक्सचे वर्कर, म्हणजे विनंत्या हाताळणारे भाग, स्वतंत्र प्रोसेस असतात. प्रत्येकाने आपापली मोजदाद ठेवली, तर चार वर्कर असताना मर्यादा चौपट सैल होईल. म्हणून ही मोजदाद सर्व वर्करना दिसणाऱ्या सामायिक मेमरीतल्या झोनमध्ये, म्हणजे राखून ठेवलेल्या जागेत, राहते आणि त्या झोनचा आकार कॉन्फिगरेशनमध्ये आधीच लिहावा लागतो. बहुतेक जण उदाहरणातले 10 एमबी तसेच उतरवून घेतात. मला तो आकडा हिशेबाने काढायचा होता.

64-बिट सर्व्हरवर वेगमर्यादेची एक नोंद (एका पत्त्याची मोजदाद) 128 बाइट घेते, म्हणजे एका एमबीत सुमारे 8,000 नोंदी मावतात. किती नोंदी लागतील, हे मात्र एकूण विनंत्यांवरून ठरत नाही. नवी नोंद करताना एनजिनएक्स मागची 60 सेकंद न वापरलेल्या एक-दोन नोंदी काढून टाकतो, त्यामुळे ऐन गर्दीच्या मिनिटाला किती वेगवेगळे पत्ते आले एवढेच मी अॅक्सेस लॉगमधून (आलेल्या विनंत्यांच्या नोंदवहीतून) मोजले आणि त्याच्या तिप्पट जागा धरली.

पत्त्याऐवजी लॉगिनचे टोकन 'की' म्हणून, म्हणजे पाहुणा ओळखण्याची खूण म्हणून, वापरावे, अशीही एक सूचना होती. तिथे खरी मेख आहे. झोनमधली जागा वाटून देणारा स्लॅब अॅलोकेटर 64, 128, 256 बाइट अशा ठरलेल्या मापांतच जागा देतो आणि नोंदीच्या स्वतःच्या रचनेतच सुमारे 80 बाइट जातात. ही 'की' 48 बाइटांपुढे गेली, तर नोंद थेट 256 बाइटांची होते आणि झोनची क्षमता निम्म्यावर येते. आमचे टोकन त्याहून बरेच लांब होते. आयपीव्ही6 (नव्या, लांब पद्धतीचा) पत्ता मात्र बायनरी रूपात 16 बाइटांतच बसतो, म्हणून मी पत्त्यावरच ठाम राहिलो.

झोन भरल्यावर काय होते, हे आकाराइतकेच महत्त्वाचे आहे. वेगमर्यादेचा झोन भरला, तर सर्वांत जास्त काळ न वापरलेली नोंद मुकाट्याने पुसली जाते आणि तो पाहुणा नव्याने मोजला जातो. एका पत्त्याच्या एकाच वेळच्या जोडण्या मोजणारा वेगळा झोनही असतो; तो भरला, तर नव्या पत्त्यांना सरळ 503 ('सेवा उपलब्ध नाही' ही त्रुटी) मिळतो. तिथे नोंद 64 बाइटांचीच असते आणि विनंती संपताच सुटते, त्यामुळे त्या झोनला मी हात सैल सोडून जागा दिली.

आकार बदलून कॉन्फिगरेशन रीलोड केले (पुन्हा वाचायला लावले) की झोन नव्याने बनतो आणि जुनी मोजदाद शून्यावर येते. म्हणून हा बदल विक्री बंद असतानाच करून घेतला.