हात वर गेला की श्वास

शाळेत समूहगान शिकवायला लागून हे माझं तिसरं वर्ष, चाळीस मुलं, पाचवी ते नववी. त्याआधी बरीच वर्षं मी एकटीच गायचे, त्यामुळे सूर-ताल येतो म्हणजे शिकवताही येईल असं वाटलं होतं, पण पहिल्या दिवशी ‘चला, एक दोन तीन’ म्हटलं आणि चाळीस जण चाळीस वेळा सुरू झाले.

हात कसा चालवायचा हे मग मुळापासून शिकले. आपण हातावर ताल धरतो, सोळा मात्रांच्या त्रितालात 1, 5, 13 ला टाळी आणि 9 ला खाली, म्हणजे टाळी न देता हात मोकळा, तो हिशोब स्वतःसाठी असतो. कंडक्टरचा, म्हणजे समोर उभं राहून समूहगान चालवणाऱ्याचा, हात मात्र पुढे काय येतंय ते आधी सांगतो. चारच्या ठेक्यात हात खाली, आत, बाहेर, वर जातो, आणि त्यातलं ते शेवटचं ‘वर’ सगळ्यात महत्त्वाचं, कारण तिथे मुलं श्वास घेतात. मी हात उचलताना स्वतः तोंड उघडून श्वास घ्यायला लागले ना, तेव्हा पहिल्यांदा चाळीस जणांचा सा एकत्र लागला, अंगावर काटाच आला!

सुरांसाठी हाताच्या खुणा वापरते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये संगीत शिकवणाऱ्या जॉन कर्वेननी त्या रुजवल्या, पुढे हंगेरीत संगीतकार कोडायच्या शिकवण्याच्या पद्धतीत आल्या. त्यांचा पहिला सूर डो आपल्या सा सारखाच कुठल्याही पट्टीत धरता येतो म्हणून आपल्या मुलांना पटकन जमतं, मूठ म्हणजे सा, आडवा तळवा म्हणजे ग, तळवा आपल्याकडे केला की प. पट्टीची चूक मात्र बरेच दिवस केली, माझ्या काळी चारमध्ये (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर सा धरून) शिकवायचे आणि मंद्रातला, म्हणजे खालच्या सप्तकातला, प आला की छोट्यांचा आवाज गायब व्हायचा. आता त्याच्या वरची काळी एक धरते.

एक गोष्ट अजून सलते. आठवीतल्या एका मुलाचा आवाज फुटत होता आणि मी त्याला ‘तू नुसते ओठ हलव’ म्हणाले, पुढचे दोन आठवडे तो प्रॅक्टिसला आलाच नाही. या वयात मुलांचा आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो, गळा बदलत असतो, त्यात त्या पोराचा काय दोष? मी जाऊन त्याला सॉरी म्हटलं. आता अशा मुलांना खालचा सा लांब धरायला देते आणि त्या एका सुराने बाकीची मुलंही सुरात राहतात.

सध्या 26 जानेवारीसाठी दोन गटांचं गाणं बसवतेय. दुसऱ्या गटाची एंट्री डाव्या हाताने द्यायची आणि उजवा तसाच चालू ठेवायचा, ते अजून जमत नाहीये, रोज रात्री आरशासमोर करतेय.