स्वस्तातलं खिशातलं लिनक्स : शेवटी पोको एफ-वनवर शिक्कामोर्तब

तर मंडळी, खिशात मावेल असं, खरंखुरं लिनक्स (मोफत, खुली ऑपरेटिंग सिस्टिम) चालवणारं उपकरण शोधायचं काम बरंच पुढे सरकलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. अपेक्षा मोजक्याच होत्या. टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) हवं, घरच्या सर्व्हरवर एसएसएच (दुरून सुरक्षित लॉगिन) करता यायला हवं, मराठीत टिपणं लिहिता यायला हवीत, सिस्टिम ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला) हवी आणि खर्च पाच-सहा हजारांच्या वर जायला नको.

यूकन्सोल हा हातात धरायचा छोटा कम्प्युटर बऱ्याच जणांनी सुचवला होता आणि वस्तू खरंच देखणी आहे, ५ इंची स्क्रीन, खाली पूर्ण कीबोर्ड, आत रास्पबेरी पायचं कम्प्यूट मॉड्यूल, पण शिपिंग आणि कस्टम्स धरून हिशेब केला की तेवढ्यात बरा सेकंडहँड लॅपटॉप येतो. पाइनफोन हा लिनक्सवाला फोन मला मनापासून आवडतो, मागचं झाकण काढलं की मोडेम, वायफाय, माइक, कॅमेरा वेगवेगळे बंद करायचे बारीक स्विच दिसतात, असं धाडस मोठ्या कंपन्या करत नाहीत. पण त्यातली ऑलविनर ए६४ चिप आजच्या वेबसाइट उघडताना फार दमते. नोकिया एन९०० पण बघून झाला, २००९ चा फोन, सरकता कीबोर्ड अजून तोडीस तोड नाही आणि माएमो लेस्टे या लिनक्स सिस्टिमवाल्यांनी त्याला जिवंत ठेवलंय, पण २५६ एमबी रॅममध्ये माझं भागणार नाही.

एवढं सगळं चाळल्यावर माझं एक मत पक्कं झालं. रॅम किती, कोअर किती हे नंतर बघा, आधी बघा त्या चिपला मेनलाइन कर्नलचा (लिनक्सच्या मूळ, अधिकृत गाभ्याचा) सपोर्ट आहे का. अँड्रॉइड फोनमध्ये कंपनीने स्वतःच्या सोयीने बदललेलं कर्नल असतं आणि कंपनीने हात काढून घेतला की ते तिथेच अडकून पडतं. मेनलाइनमध्ये असलेल्या चिपला मात्र मूळ लिनक्समधल्या सुधारणा मिळत राहतात, कंपनीचं लक्ष असो नसो. स्नॅपड्रॅगन ८४५ या फोनमधल्या चिपवर या बाबतीत लोकांनी प्रचंड मेहनत घेतलीय, तिच्यातल्या ॲड्रेनो ६३० जीपीयूलासुद्धा (ग्राफिक्सचा भाग) फ्रीड्रिनो हा ओपन ड्रायव्हर आहे. वायफाय, मोडेम आणि जीपीयूचे फर्मवेअर (त्या भागांचे अंगभूत प्रोग्रॅम) अजून बंदिस्तच आहेत, ते मान्य करूनच पुढे जायचं.

८४५ वाले आपल्याकडे सहज मिळणारे दोन, वनप्लस ६ आणि पोको एफ-वन. पोको भारतात २०१८ च्या ऑगस्टमध्ये २०,९९९ पासून आला होता आणि धडाधड खपला, त्यामुळे सेकंडहँड बाजारात अजून भरपूर आहेत. ६ जीबी रॅम, ४००० एमएएच बॅटरी, हेडफोन जॅक. मी बूटलोडर (फोन चालू होताना सिस्टिम सुरू करणारा प्रोग्रॅम) आधीच अनलॉक केलेला नग शोधला, तुम्हीही तेच करा, वेळ वाचतो.

घेतल्यावर पहिलं काम म्हणजे डिस्प्ले ओळखणं. या फोनमध्ये दोन वेगळ्या कंपन्यांचे पॅनल आलेत, टियानमा आणि ईबीबीजी, बाहेरून काही कळत नाही आणि पोस्टमार्केटओएसला (फोनवर टाकायची ती लिनक्स सिस्टिम) दोन्हींसाठी कर्नल वेगळं लागतं. रिकव्हरीत (फोनच्या दुरुस्ती मोडमध्ये) जाऊन लॅपटॉपवरून एडीबी शेल (फोनला कमांड द्यायची खिडकी) उघडायचं, कर्नलची कमांड लाइन (सुरू होताना त्याला मिळालेले पर्याय) छापायची आणि त्यात यातलं कुठलं नाव येतंय ते शोधायचं. माझा टियानमा निघाला.

मग पीएमबूटस्ट्रॅप, म्हणजे पोस्टमार्केटओएस तयार करून फोनवर टाकायचं साधन. डिव्हाइस निवडा, इंटरफेस निवडा (मी फॉश हा टचस्क्रीनसाठीचा घेतला), इन्स्टॉल करताना डिस्क एन्क्रिप्शन चालू करा, फास्टबूटने केबलवरून फोनवर फ्लॅश करा (म्हणजे लिहा). तयार इमेजही मिळते, पण हे उपकरण प्रवासात सोबत राहणार, एन्क्रिप्शन हवंच. केबल लॅपटॉपला लावली की फोन १७२.१६.४२.१ या पत्त्यावर हजर, तिथे एसएसएच केलं आणि प्रॉम्प्ट (कमांडची वाट बघणारी ओळ) आला तेव्हा जो आनंद झाला तो इथल्या लोकांना वेगळा सांगायला नको.

मराठीसाठी नोटो देवनागरी फॉन्टचं पॅकेज एपीके ॲड या कमांडने टाकलं, जोडाक्षरं एकदम स्वच्छ दिसतात, 'क्ष', 'ऱ्हा' सगळं जागेवर. टायपिंग ब्लूटूथ कीबोर्डवर, इनस्क्रिप्ट लेआउट. पोस्टमार्केटओएसच्या खाली अल्पाइन लिनक्स असल्यामुळे एक गोष्ट लक्षात ठेवा, इथे बहुतेक लिनक्समधली जीलिबसी ही सी लायब्ररी नाही, मसल ही दुसरी आहे, त्यामुळे नेटवरून उतरवलेली तयार बायनरी बहुतेक वेळा चालणार नाही, तेव्हा आधी सिस्टिमच्या रिपॉझिटरीत (पॅकेजच्या साठ्यात) शोधा, नाहीतर फ्लॅटपॅक (लागणाऱ्या लायब्ऱ्या सोबत आणणारं पॅकेज).

मुंबई-पुणे प्रवासात मॉश (तुटक नेटवर्कसाठीचा एसएसएचसारखा प्रोग्रॅम) वापरून बघितलं आणि त्याने दिल जीत लिया. कर्जतच्या पुढे घाट लागला की बोगद्यांमध्ये रेंज जाते, साधं एसएसएच लटकतं, मॉशमध्ये मात्र टाइप केलेली अक्षरं स्क्रीनवर उमटत राहतात आणि लोणावळ्याला नेटवर्क परत आलं की सेशन जिथल्या तिथे. टीमक्स (एका टर्मिनलमध्ये अनेक सेशन सांभाळणारा प्रोग्रॅम) सोबत असेल तर अजून काय पाहिजे.

कमी पडतंय ते पण सांगतो. कॅमेरा धरूच नका. स्टँडबायला बॅटरी अँड्रॉइडइतकी टिकत नाही. रोजच्या कॉलसाठी मी हा वापरत नाही, त्यासाठी दुसरा फोन आहे आणि त्याच्याच हॉटस्पॉटवर हा चालतो.

मध्येच आठवलं, आपल्या देशात हा विचार फार आधी झाला होता. बंगळुरूत भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक आणि एन्कोर या सॉफ्टवेअर कंपनीचे इंजिनिअर यांनी मिळून सिंप्युटर आखला, लिनक्सवर चालणारा हँडहेल्ड, २००४ मध्ये अमिडा नावाने बाजारातही आला. आयफोनच्या तीन वर्षं आधी! तो तेव्हा घरोघरी पोचायला हवा होता असं मला आजही वाटतं.

आता पुढचं काम म्हणजे याच फोनवर प्लाझ्मा मोबाइल हा दुसरा इंटरफेस टाकून फॉशशी तुलना करायची. कुणाकडे ईबीबीजी पॅनलवाला नग असेल तर सस्पेंडनंतर (फोन झोपून उठल्यावर) टच नीट चालतो का एवढं जरूर कळवा, एका मित्रासाठी दुसरा पोको बघतोय.