पाटीवरचं साल

आमच्या फुलवाल्यांच्या दुकानाला यंदा नवी पाटी लागायची होती. जुनी पत्र्याची. तिच्यावर काढलेला गुलाब नागपूरच्या उन्हानं इतका विटला होता की लांबून पत्ताकोबी वाटायचा. दुकानातल्या आजींच्या नातवाच्या डोक्यात दिव्यांची पाटी, आणि तिच्यात मधोमध सोनेरी अक्षरांत 'सन अमुकपासून'. मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेलं. म्हणून मजकूर माझ्या गळ्यात पडला.

'फुल' की 'फूल' हा वाद पाच मिनिटांत मिटला. 'फुल भांडार' लिहिलंत तर भांडार फुल्ल आहे एवढंच कळेल, आत काय आहे ते कळणार नाही, असं सांगितल्यावर दीर्घ ऊकार मंजूर झाला. सालाला मात्र तीन दिवस लागले.

महाल भागातल्या एका गल्लीतला हा दीड माणूस मावेल एवढा गाळा. आमच्याकडे आईच्या काळापासून त्यांच्या फुलपुडीचा रतीब आहे. सकाळी कडीला पुडी लटकलेली असते. लहानपणी ती पळसाच्या पानात, वरून केळीच्या सोपाचा दोरा. मग वर्तमानपत्राचा तुकडा आला, मग गुलाबी कॅरीबॅग. मार्च 2018 मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी झाली आणि पुडी पुन्हा कागदावर आली. पळसाचं पान काही परतलं नाही. त्या पानात जास्वंद दुपारपर्यंत टवटवीत राहायची हे माझं ठाम मत आहे, आणि ते कोणी मानत नाही.

तर साल. सरकारदरबारी पुरावा म्हणजे गुमास्ता, दुकानाच्या नोंदणीचा कागद, तो 1974 चा. "1974 लिहून टाका," नातू म्हणाला. आजी आत बसून गजरा बांधत होत्या. वय चौऱ्याऐंशी. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात, दोन कळ्या इकडे, दोन तिकडे, एक वेढा, एक झटका. बोटांकडे त्या बघतही नाहीत. मीच बघत बसतो. तो झटका नेमका कुठे बसतो हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

"चौऱ्याहत्तरले तं माहा पोरगा साळंत होता," आजी म्हणाल्या. "मी आली तवा दुकान होतंच. पुडी एक आण्याची. अन् त्याच उन्हाळ्यात ते नया पैशाचं लफडं सुरू झालं."

माझ्यातला मास्तर जागा झाला. नवे पैसे 1 एप्रिल 1957 ला आले. एका आण्याचे होतात सव्वासहा नवे पैसे, आणि पाव पैसा काही कोणी पाडला नव्हता. त्यामुळे आण्याला सहा धरायचे. आजी सांगतात, गिऱ्हाईक सहाच पैसे ठेवायचं आणि सासरे म्हणायचे, माझा पाव पैसा कुठे गेला? दिवसाला शंभर पुड्या जात असतील तर पंचवीस पैसे बुडाले, असा त्यांचा हिशेब. शेवटी त्यांनी एक झेंडू कमी टाकायला सुरुवात केली. म्हणजे दुकान 1957 च्या आधीचं, एवढं तरी पक्कं झालं.

दुसऱ्या दिवशी मुलानं, म्हणजे नातवाच्या वडिलांनी, एक लोखंडी वजन दाखवलं. जुनं अर्ध्या शेराचं. आता ते पंख्याच्या वाऱ्यानं कागद उडू नयेत म्हणून ठेवलेलं असतं. त्यावरचे शिक्के घासून इतके गुळगुळीत झालेत की साल शोधायला गेलो तर बोटाला फक्त गंज लागला. मेट्रिक वजनं 1958 पासून टप्प्याटप्प्यानं आली, म्हणून वजन बहुधा त्याच्या आधीचं. शेर म्हणजे साधारण 933 ग्रॅम, त्याचा पाव 233. आजचा पाव 250. "म्हणजे आजीच्या काळापेक्षा आपण सतरा ग्रॅम जास्त देतो," नातू खूश. आजींनी विचारलं, "अन् भाव?" मग तो विषय तिथेच राहिला.

सासऱ्यांच्या दोन गोष्टी आजींना पाठ आहेत. पहिली 14 ऑक्टोबर 1956 ची. विजयादशमी होती, बाबासाहेबांनी दीक्षा घेतली तो दिवस. शहरात पांढऱ्या कपड्यांतली माणसंच माणसं, आणि दुपारच्या आत दुकानातलं शेवटचं फूल संपलेलं. दुसरी गोष्ट लगेच पंधरा-वीस दिवसांनंतरची. 1 नोव्हेंबरला राज्यं नव्यानं रचली गेली, मध्य प्रदेशाची राजधानी नागपुराहून भोपाळला गेली आणि मंत्र्यांच्या गळ्यात पडणारे हारही सोबत गेले. नागपूरकर राजधानी गेल्याचं दुःख अजून काढतात, पण ते हारांच्या भाषेत मोजणारं हे एकच घर मला माहीत आहे. पुढे 1960 पासून हिवाळी अधिवेशन येऊ लागलं. आता डिसेंबरात दोन आठवडे डच गुलाबांचे बुके जातात. नातवाच्या मते हीच खरी भरपाई. बुके घेणारा वास घेत नाही, फोटो घेतो, हे त्याचंच निरीक्षण.

तरी साल सापडेना. आजींना विचारलं, 1956 च्या किती आधी? त्यांनी गजरा खाली ठेवला. "मामंजी डोक्यावर पाटी घेऊन फिरत. मंग ती पाटी एका ओट्यावर ठेवू लागले. मंग ओट्यावर पेटी आली. मंग पेटीले दार. तुमी कुठून धरता, ते सांगा."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खोडावर वाढणारी वेल नेमकी कुठून सुरू झाली ते सांगता येतं, पण हे दुकान तसं एका जागी लावलेलं नव्हतंच. ते डोक्यावरून उतरत उतरत जमिनीला टेकलं. त्यातला कोणता दिवस पहिला म्हणायचा? मला तर वाटलं, पाटीवर पाटीचंच चित्र काढावं. नातवानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी चहा मागवला.

तिसऱ्या दुपारी, नवतप्यात, म्हणजे उन्हाळ्याच्या त्या नऊ कडक दिवसांत, कूलरसमोर ओल्या बारदान्याखाली मोगरा झाकून सगळे बसलेले असताना आजींनी निकाल दिला.

"कायले पाहिजे साल? सोनाराले शोभते, मिठाईवाल्याले शोभते. फुलवाल्यानं साल लिवलं तं लोकायले वाटन, फुलंबी तवाचेच हायेत."

नातू बराच वेळ कूलरकडे बघत राहिला. मग पाटी बनवणाऱ्याला फोन लावला. सोनेरी अक्षरांची जागा आराखड्यात आधीच सोडलेली होती, तिथे मोबाइल नंबर बसला. वर 'फूल भांडार', दीर्घ ऊकारासह. खाली हार, गजरे, तोरणं, बुके.

त्याच आठवड्यात माझ्या पुडीतला एक गुलाब कडेनं तपकिरी निघाला. मी तो खिशात घालून गल्लीत गेलो, गाळ्याच्या फळीवर ठेवला आणि नातवाला विचारलं, "हा कोणत्या सालचा?"