मंडपांचा सण: पाणी, प्रकाश आणि अजून बाकी असलेलं वचन

आपल्या मराठी मंडळ्यांमध्ये कापणीच्या सणाचा संदेश बहुतेक वेळा एकाच मुद्द्यावर येऊन थांबतो: देवाने दिलं, त्यातलं आपण परत देऊ या. मग भोपळ्यांचा, केळीच्या घडांचा लिलाव होतो. यात गैर काहीच नाही. पण यहुद्यांच्या वर्षातला शेवटचा कापणीचा सण, म्हणजे सात दिवस झावळ्यांच्या छपराखाली राहण्याचा मंडपांचा सण, याहून पुष्कळ पुढचं बोलतो. ते ऐकायचं तर जखऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 14वा अध्याय आधी वाचायला हवा. पहिल्या दिवशी सिनेगॉगमध्ये संदेष्ट्यांच्या पुस्तकातून वाचतात तो हाच अध्याय. ठाण्यात टेंभी नाक्याजवळचं शार हाशामाइम सिनेगॉग 1879 पासून उभं आहे आणि घरी मराठी बोलणारे बेने इस्राएल, म्हणजे इथले यहुदी, तिथे प्रार्थनेला जमतात. ठाण्याच्या ख्रिस्ती माणसाला हा सण दूरदेशीचा वाटायचं खरं तर काही कारण नाही.

जखऱ्या 14 मध्ये तीन गोष्टी लागोपाठ येतात. सातव्या वचनात संध्याकाळी उजेड होतो, आठव्यात यरुशलेमेतून जिवंत पाणी वाहतं, आणि सोळाव्यापासून सगळी राष्ट्रं मंडपांचा सण पाळायला वर चढून येतात. मंदिर उभं होतं तोवर या सणात नेमकं हेच तिन्ही घडवून दाखवलं जाई. योहानाच्या शुभवर्तमानात त्यातल्या दोन गोष्टींवर येशू स्वतःचं नाव घालतो. तिसरी अजून बाकी आहे. या सणाचा भविष्यवाणीचा अर्थ आम्हाला याच हिशेबात दिसतो.

आधी पाणी. यरुशलेमेत मे महिन्यानंतर जवळजवळ पाऊस नसतो. खळं आणि द्राक्षकुंड आटोपून लोक सणाला येत तेव्हा टाक्या तळाला गेलेल्या असत आणि पुढचा पाऊस अजून पडायचा असे. सप्टेंबरअखेर काठोकाठ भरलेला ठाण्याचा मासुंदा तलाव पाहणाऱ्या माणसाला ही तहान आपोआप कळत नाही, उपदेशकाने ती सांगावी लागते. इ.स. 200च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नात, म्हणजे यहुदी नियमांच्या संग्रहात, विधीचं वर्णन बारकाईने आलं आहे. तीन लोग (एक जुनं माप) मावतील असा सोन्याचा चंबू, म्हणजे साधारण लिटरभर पाणी, शिलोहाच्या तळ्यातून भरून आणत. पाणीवेशीवर आल्यावर तुतारी वाजे. याजक वेदीचा उतार चढून डावीकडे वळे. तिथे दोन चांदीची पात्रं असत, पश्चिमेचं पाण्याचं आणि पूर्वेचं द्राक्षारसाचं. दोन्हींच्या तळाशी नाकपुडीसारखी भोकं होती, एक रुंद आणि एक अरुंद, कारण दोन्ही पात्रं एकाच वेळी रिकामी व्हायला हवीत आणि द्राक्षारस सावकाश वाहतो. ओतणाऱ्याला लोक ओरडून सांगत, हात वर कर! एकदा कुणा याजकाने ते पाणी वेदीवर न ओतता स्वतःच्या पायांवर ओतलं होतं आणि जमावाने हातातली महाळुंगासारखी फळं त्याच्यावर भिरकावली होती. तेव्हापासून हात उंच, सगळ्यांना दिसेल असा. शब्बाथाला, म्हणजे शनिवारच्या विश्रामदिनी, पाणी आणायचं नाही म्हणून आदल्या संध्याकाळीच ते सोन्याच्या पिंपात भरून ठेवत.

या गर्दीत, सणाच्या शेवटच्या मोठ्या दिवशी, येशू उभा राहून मोठ्याने म्हणतो की तहानेल्याने माझ्याकडे यावं (योहान 7:37). हा दिवस सातवा की आठवा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मिश्नाच्या मुख्य मतानुसार पाणी सातच दिवस ओतत. सातवा धरला तर वेदीभोवती सात फेऱ्या चालू आहेत आणि पाणी डोळ्यांसमोर ओतलं जात आहे. आठवा धरला तर चंबू ठेवून दिला आहे आणि पाणी थांबलेलं आहे. आमचा कल सातव्याकडे आहे, पण संदेशात एक पर्याय ठामपणे सांगून दुसरा दडवू नये. त्याहून महत्त्वाचं 39वं वचन. तिथे योहान स्वतःच अर्थ सांगतो की हे पवित्र आत्म्याविषयी होतं आणि आत्मा तेव्हा अजून दिलेला नव्हता. पेंटेकॉस्टला तो दिला गेला. म्हणजे पाण्याचं वचन सुरू झालं आहे. 2004 मध्ये यरुशलेमेत सांडपाण्याच्या पाइपाचं काम चालू असताना शिलोहाच्या तळ्याच्या दगडी पायऱ्या उघड्या पडल्या. तिथून वर मंदिरापर्यंत पाणी हातात घेऊन चढायचं म्हणजे काय, हे त्या चढावरून कळतं.

उजेडाचं त्यापेक्षा थोडक्यात. मंदिरातल्या स्त्रियांच्या अंगणात उंच सोनेरी दीपस्तंभ असत, प्रत्येकावर चार वाट्या, शिडीवर चढून तेल घालणारे तरुण याजक, आणि वाती म्हणून याजकांचे जुने झालेले पायजमे आणि कमरपट्टे फाडून वापरलेले. शहरातलं एकही अंगण त्या उजेडाशिवाय राहत नसे, असं मिश्ना म्हणते. आता योहान 8:12 आणि 8:20 एकत्र वाचा. मी जगाचा प्रकाश आहे, हे येशू भांडाराजवळ बोलला, आणि भांडाराच्या पेट्या स्त्रियांच्या अंगणातच होत्या. 8:12 वर बोलणारे अनेक जण विसावं वचन वाचतच नाहीत, म्हणून दिवे त्यांच्या हातून निसटतात.

आता तिसरी गोष्ट, राष्ट्रं. गणना 29 मध्ये सात दिवसांचे गोऱ्हे मोजा: 13, 12, 11, 10, 9, 8, 7. बेरीज 70. उत्पत्तीच्या दहाव्या अध्यायातली राष्ट्रंही परंपरेने 70 मोजली जातात, आणि हे सत्तर गोऱ्हे त्या सत्तर राष्ट्रांसाठी आहेत असं तालमूद, म्हणजे मिश्नावरचा यहुद्यांचा भाष्यग्रंथच, सांगतो. आठव्या दिवशीचा एकच गोऱ्हा इस्राएलसाठी. हा अर्थ ख्रिस्ती लोकांनी ओढूनताणून काढलेला नाही, हे आवर्जून सांगायला हवं. जखऱ्या 14:17 मध्ये जे राष्ट्र वर चढून येणार नाही त्याच्यावर पाऊस पडणार नाही असं म्हटलं आहे, म्हणजे पाण्याचाच धागा पुन्हा वर येतो. वल्हांडणाच्या दिवसांत वधस्तंभ, पेंटेकॉस्टला आत्मा, हे दोन सण आपापल्या वेळी पूर्णतेला आले. मंडपांच्या सणाच्या बाबतीत नवा करार तसं काही म्हणत नाही. प्रकटीकरण 7:9 मध्ये सर्व राष्ट्रांचा लोकसमुदाय हातात झावळ्या घेऊन उभा दिसतो. त्या चित्राची तारीख मात्र कुठेही दिलेली नाही.

इथेच सगळ्यात जास्त गडबड होते. 28 सप्टेंबर 2015 ला चंद्रग्रहण झालं, तो या सणाचा पहिला दिवस होता, आणि लगेच शेवटच्या काळाचे फॉरवर्ड फिरू लागले. पण सण तिश्री या हिब्रू महिन्याच्या पंधराव्या दिवशी, म्हणजे पौर्णिमेलाच असतो, आणि चंद्रग्रहण पौर्णिमेशिवाय होतच नाही. 2025 मध्ये हीच पौर्णिमा 6 ऑक्टोबरला, आपल्या कोजागिरीच्या रात्री आली. दुसरा आवडता हिशेब म्हणजे येशूचा जन्म याच सणात झाला हा. तो लूक 1:5 मधल्या अबीयाच्या वर्गावरून, म्हणजे पाळीने सेवा करणाऱ्या याजकांच्या एका गटावरून मांडतात. 24 वर्गांतला हा आठवा वर्ग, पण प्रत्येक वर्गाची पाळी वर्षातून दोनदा येई आणि बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा बाप जखऱ्या याजक त्यातल्या कुठल्या पाळीत होता हे लूक सांगत नाही. एवढ्या कच्च्या पायावर संदेश उभारू नये.

संडे स्कूलला किंवा युवक संघाला समजावण्यासाठी सोसायटीच्या गच्चीवर नमुन्याचा मंडप बांधायचा असेल तर मापं नीट ठेवा. भिंती किमान दोन पूर्ण आणि तिसरीचा थोडा भाग. आतली उंची निदान मीटरभर तरी हवी. वरची मर्यादा 20 हात, ती गच्चीवर आड येत नाही. खरी बाब छपराची. ते जमिनीतून उगवलेल्या आणि तोडलेल्या वस्तूचंच हवं. नारळाच्या झावळ्या उत्तम, बांबूही चालतो. ताडपत्री, पत्रा, प्लास्टिकची जाळी चालत नाही. वर बाल्कनी किंवा आंब्याची फांदी आली तर तेवढा भाग बाद. आत उन्हापेक्षा सावली जास्त असावी, पण रात्री तारे दिसावेत. झावळ्या पहिल्या दिवशी हिरव्या आणि रुंद असतात, चार दिवसांत सुकून आक्रसतात आणि ऊन सावलीपेक्षा जास्त होतं. म्हणून सुरुवातीला थर जरा दाट घाला.

ठाण्यात त्या दिवसांत पाऊस येणारच. मिश्नाचा नियम सोपा आहे: ताटातली पेज खराब होण्याइतका पाऊस पडला की उठून आत जावं. तिथेच दृष्टांत आहे की दास धन्याला पेला भरून द्यायला येतो आणि धनी तांब्या त्याच्याच तोंडावर ओततो. त्यांच्याकडे सणातला पाऊस ही नाराजीची खूण मानली जाई, कारण पावसाची प्रार्थना सण संपताना, आठव्या दिवशी करायची असते. हे मुलांना जरूर सांगा.

नमुना दाखवून झाला की तिथेच थांबावं. चार जाती हातात घेऊन मंडळीत उपासना करणं आम्हाला योग्य वाटत नाही. एक महाळुंग, एक खजुराची मिटलेली झावळी, तीन मेंदीसारख्या सुगंधी मर्टलच्या आणि दोन वाळुंजाच्या डहाळ्या, हा शेजाऱ्यांचा जिवंत विधी आहे, आपलं प्रात्यक्षिक नव्हे.

तो पाहायची इच्छा असेल तर सिनेगॉगच्या व्यवस्थापनाशी आधी बोला, ओळखपत्र जवळ ठेवा, पुरुषांनी डोकं झाकावं, फोन बंद ठेवावा, पत्रकं वाटू नयेत. 2026 मध्ये सण 25 सप्टेंबरच्या संध्याकाळी सुरू होतो आणि पहिला दिवस शनिवारी येतो. शब्बाथ असल्यामुळे त्या दिवशी चार जाती हातात घेतल्या जात नाहीत, मात्र जखऱ्या 14 चं वाचन त्याच सकाळी असतं. ते हिब्रूत असतं, तेव्हा घरून निघण्याआधी मराठीतून तो अध्याय वाचून जा. चार जाती पाहायच्या तर 27 तारीख, पण तो रविवार आहे आणि आपल्या उपासनेची वेळ त्याच सुमारास असते. त्यापेक्षा सोमवारची सकाळ सोयीची.