एथिक्स कमिटीच्या फॉर्मात हाडाला रकाना नाही

आधीच सांगतो, राग अजून पूर्ण उतरलेला नाही म्हणून लिहितोय. मंजुरी मिळाली, काम सुरू झालं, सगळं ठीक, पण एथिक्स कमिटीच्या, म्हणजे पेशंटांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या हॉस्पिटलच्या समितीच्या, त्या फॉर्मचं नाव काढलं की अजूनही डोकं तापतं. गोव्यात इंजिनियरिंग किंवा गणिताकडचा कोणी हॉस्पिटलमधल्या पेशंटांचा डेटा घेऊन काम करणार असेल तर त्याला उपयोग होईल, बाकीच्यांनी करमणूक म्हणून वाचा.

माझं काम मटेरियल मॉडेलिंगचं, आणि मटेरियल म्हणजे हाड. मांडीच्या हाडाचं वरचं टोक, खुब्यात बसतं ते. कॉम्प्युटरवर त्याचे लाखभर बारीक तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला त्याचा ताठरपणा द्यायचा, चालताना पडतो तसा भार वरून टाकायचा आणि ताण कुठे साठतो ते बघायचं. ताठरपणा कुठून आणायचा तर सीटी स्कॅनमधून. स्कॅनमधला प्रत्येक ठिपका हा एक आकडा असतो, हाउन्सफील्ड युनिटमध्ये, पाणी शून्य, हवा उणे एक हजार, हाड त्याच्या पुष्कळ वर. त्या आकड्यावरून घनता काढायची आणि घनतेवरून ताठरपणा. कार्टर आणि हेज यांनी १९७७ मध्ये दाखवलं की ताठरपणा साधारण घनतेच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे घनता निम्मी झाली तर ताठरपणा उरतो आठवा हिस्सा. उलट बाजूने बघा, घनता दहा टक्के जास्त धरली गेली तर ताठरपणा तेहतीस टक्क्यांनी फुगतो. म्हणून मला स्कॅन चांगलाच लागतो, कसाही चालत नाही. हे पुढे येणार आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

आणि हे करायचं कशाला? खुब्यात बसवतात ती टायटॅनियमची दांडी साधारण ११० गिगापास्कल (ताठरपणाचं माप) ताठ, आणि आजूबाजूचं घट्ट हाड १५ ते २०. भार सगळा धातू ओढून घेतो, हाडाला काम राहत नाही, आणि काम नसलेलं हाड विरत जातं. वुल्फ नावाच्या जर्मन सर्जनने १८९२ मध्येच हाड भाराप्रमाणे स्वतःला बदलतं हे लिहून ठेवलंय. कुणाच्या हाडात हे किती होईल ते ऑपरेशनआधी सांगता येईल का, एवढाच प्रश्न.

गाईड मॅडम तयार, हाडांचे डॉक्टर तयार, दोन्हीकडची पत्रं झाली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. फक्त एक लक्षात ठेवा, हॉस्पिटलकडून मुख्य संशोधक म्हणून डॉक्टरचंच नाव घालायला सांगतात, आपण इंजिनियर सह-संशोधक. वाईट वाटून घेऊ नका, फाईल हलते डॉक्टरच्या सहीवर.

मग एथिक्स कमिटी. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, कुठलं ते विचारूही नका.

फॉर्मच्या तिसऱ्या पानावर रकाने होते: औषधाचं नाव, उत्पादक, डोस, किती दिवस, अपेक्षित दुष्परिणाम. मी सगळीकडे ‘लागू नाही’ लिहिलं. खिडकीवरच्या बाईंनी चष्मा खाली ओढून पान बघितलं आणि म्हणाल्या, “डोस बरयात” (डोस लिहा). मी म्हटलं, अहो बाय, औषधच नाही तर डोस कुठला, आधीच काढलेले स्कॅन कॉम्प्युटरवर बघणार आहे. “रिकामें दवरूंक जायना” (रिकामं ठेवता येत नाही). रिकामं नव्हतंच ते, ‘लागू नाही’ लिहिलेलं होतं, पण ते त्यांच्या लेखी रिकामंच. फाईल परत. पुढच्या खेपेला ‘डोस: शून्य’ लिहून नेलं तर ती घेतली! मग आतून शेरा आला की डोस शून्य असेल तर प्लासिबो (औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी) आहे का, स्पष्ट करावे. इथे मी ऑफिसच्या बाहेर येऊन व्हरांड्यात बसलो आणि मॅडमना फोन लावला, कारण आत राहिलो असतो तर काहीतरी बोलून गेलो असतो.

नंतर सॅम्पल साइज. किती पेशंट ते कुठल्या फॉर्म्युल्याने काढलं, आणि खाली स्टॅटिस्टिशियनची सही. हा फॉर्म्युला दोन गटांची तुलना करायला असतो, एका गटाला औषध, दुसऱ्याला नाही, फरक किती दिसेल वगैरे. माझ्याकडे गटच नाहीत. माझं मॉडेल बरोबर की चूक हे पेशंट वाढवून ठरत नाही, ते ठरतं तुकडे आणखी बारीक केल्यावर उत्तर हलायचं थांबतं का यावर, आणि प्रयोगशाळेत खरं हाड दाबून मोजलेल्या आकड्यांशी ते जुळतं का यावर. पेशंट मला लागतात ते घनतेचा पूर्ण पट्टा मिळावा म्हणून, तरुण घट्ट हाडापासून म्हाताऱ्या पोकळ हाडापर्यंत. वैद्यकीय उपकरणांच्या कॉम्प्युटर मॉडेलवर कितपत विसंबायचं ते ठरवायला एएसएमई या अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनियरांच्या संस्थेने २०१८ मध्ये ‘व्ही अँड व्ही ४०’ नावाचं स्टँडर्ड काढलंय, त्यावर एक पान लिहून जोडलं. आमच्या स्टॅटिस्टिशियन सरांनी ते वाचून हसत सही केली आणि म्हणाले, हे आधीच आणायचं होतंस ना. आधी कुणी मागितलं होतं?

खरा संताप पुढे आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये तपासणीचे तीन मार्ग दिलेत: सूट, एक्स्पिडायटेड आणि पूर्ण कमिटी. धोका किमान असेल आणि डेटावरून पेशंटची ओळख काढून टाकलेली असेल तर एक्स्पिडायटेड, म्हणजे पूर्ण बैठक न घेता दोन-तीन सदस्य बघून देऊ शकतात. माझं प्रकरण अगदी तेच. अर्जावर तशी खूण केली, कारण लिहिलं. तरी फाईल गेली पूर्ण कमिटीकडे, “नवीन विषय आसा” म्हणून. बरं, गेली तर गेली. पण पूर्ण बैठकीला निदान पाच सदस्य लागतात आणि त्यात हॉस्पिटलबाहेरचा एक तरी पाहिजेच. एका बैठकीला बाहेरचे आलेच नाहीत, बैठक रद्द. पुढची चवथीवर, म्हणजे गणेश चतुर्थीवर आली. गोव्यात चवथीच्या आसपास बैठक ठेवणाऱ्या माणसाला मला एकदा भेटायचंय, अर्धं ऑफिस माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या) बाजारात आणि उरलेलं गावी.

आणि मधल्या काळात काय झालं ते ऐका. सीटी मशीन मुळात एक मिलिमीटरचे किंवा त्याहून पातळ काप काढतं. डॉक्टरला बघायला सोयीचे म्हणून त्यातून पाच मिलिमीटरचे जाड काप बनवतात आणि कायमचे साठवतात ते हेच. पातळ काप जागा खातात म्हणून काही काळाने मशीनवरून आपोआप पुसले जातात. मी ज्या स्कॅनांवर नजर ठेवून अर्ज केला होता त्यांचे पातळ काप माझी फाईल कपाटात पडलेली असताना पुसले गेले. जाड काप शिल्लक होते, ते मला काय कामाचे? हाडाच्या मानेजवळचं घट्ट कवच काही ठिकाणी मिलिमीटरभर जाडीचं असतं, पाच मिलिमीटरच्या कापात ते आणि आतलं जाळीदार हाड यांची सरासरी होऊन येते, म्हणजे करवंटी आणि खोबरं एकत्र वाटून नारळ किती टणक ते सांगा म्हटल्यासारखं. पेशंटचं रक्षण करायला कमिटी असते, मान्य आहे, शंभर टक्के मान्य. पण या उशिराने एकाही पेशंटचं रक्षण झालं नाही, फक्त डेटा गेला.

म्हणून ज्याला कुणाला हे करायचंय त्याने अर्ज टाकायच्या आधी रेडिओलॉजीच्या टेक्निशियनला भेटा, कमिटीला नंतर. पातळ काप किती दिवस ठेवता, विचारा. डॉक्टरमार्फत विभागप्रमुखांकडून ते राखून ठेवायची सोय करून घ्या. ते हॉस्पिटलमध्येच राहतात, मंजुरीपर्यंत तुमच्या हातात काही येत नाही, त्यामुळे कुणाची हरकत नसते. आमच्याकडचा टेक्निशियन म्हणाला, “आदीं सांगपाचें न्ही?”

शेवटी बैठक झाली, मला आत बोलावलं, आणि तिथे मात्र एक चांगली गोष्ट झाली ती न सांगणं बरं नव्हे. डॉक्टर सदस्यांनी रेडिएशन, संमती वगैरे विचारलं. कमिटीत एक सामान्य नागरिक असतो, डॉक्टर नसलेला, या कमिटीत एक रिटायर्ड शिक्षिका होत्या. त्यांनी विचारलं, “नाव काढलंत, पण वय, गाव आणि ऑपरेशनची तारीख राहिली तर आमच्या वाड्यावर कोण ओळखणार नाही?” अख्ख्या राज्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत चौदा लाख अठ्ठावन्न हजार, बरोबरच होतं त्यांचं. मग नमुना म्हणून मिळालेली, नाव पुसलेली एक फाईल मी घरी उघडून बघितली. डायकॉम फाईलमध्ये, म्हणजे स्कॅन ज्या स्वरूपात साठवतात त्यात, चित्राच्या मागे रकान्यांची लांबलचक यादी असते. नावाच्या जागी ‘केस अ’ होतं, पण खाली जन्मतारीख जशीच्या तशी, रेफर करणारे डॉक्टर, आणि शेऱ्यात गावाचं नाव. आता आम्ही सगळे रकाने हॉस्पिटलमध्येच पुसून घेतो, वय पाच वर्षांच्या गटात, तारखा सरकवून. शिक्षिकाबाईंच्या त्या प्रश्नावर मात्र माझा अजिबात राग नाही.

जुने स्कॅन गेल्यामुळे अर्ज बदलून नव्या पेशंटांचे घ्यायचं ठरलं, म्हणजे संमतीपत्र आलं, कोकणी, मराठी, हिंदी आणि इंग्रजी चारही. पेशंटला जादा स्कॅन नाही, ऑपरेशनसाठी होणारच तो फक्त पातळ कापांत जपायचा, हे पहिल्या वाक्यात लिहा, निम्मे प्रश्न तिथेच संपतात. फायदा एक झाला, स्कॅनच्या वेळी पेशंटखाली फँटम ठेवता येतो, ठरावीक घनतेच्या कांड्या असलेली गादी, त्यावरून आकडे घनतेत बसवणं सोपं जातं. जुन्या स्कॅनला चरबी, स्नायू, हवा यांवरूनच अंदाज करावा लागला असता.

सीटीआरआयची, म्हणजे देशातल्या क्लिनिकल ट्रायलच्या सरकारी नोंदवहीतली नोंदणी राहिली सांगायची. ऑनलाइन, फुकट. सक्ती औषधाच्या ट्रायलला आहे, आमच्यासारख्या निरीक्षणाच्या अभ्यासाला नाही, पण जर्नलवाले विचारतात म्हणून केली. कमिटीचं पत्र अपलोड करावं लागतं आणि पहिला पेशंट घ्यायच्या आधी करायची, एप्रिल २०१८ पासून ट्रायलची मागाहून नोंदणी घेत नाहीत. तिथे अभ्यासाचा प्रकार निवडायला ‘ऑब्झर्व्हेशनल’ असा पर्याय आहे, बघून बरं वाटलं.

मंजुरीचं पत्र आलं की त्यावरची मुदत बघा, आमची एक वर्षाची आहे. नूतनीकरणाचा अर्ज चवथीच्या खूप आधी टाका, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, शिक्का आणि तारखेसकट.