बोगद्याने मोकळे केलेले घाट

इटलीच्या आब्रुत्सो प्रांतात सायकल घेऊन जाणाऱ्याने पहिला नमस्कार करावा तो एका बोगद्याला. त्या बोगद्यात सायकलला बंदी आहे, तरीही. लाक्विलाहून तेरामोकडे जाणारा ए-24 महामार्ग ग्रान सास्सो डोंगराच्या पोटातून सुमारे दहा किलोमीटर जातो. 1984 साली त्याची पहिली नळी वाहतुकीला खुली झाली आणि वर कापान्नेल्लेच्या खिंडीतून, साधारण 1300 मीटरवरून जाणारा जुना एसएस-80 रस्ता (एसएस म्हणजे सरकारी राज्यरस्ता) निवृत्त झाला. ट्रक गेले, घाईतली माणसं गेली. डांबर आणि वळणं राहिली.

हीच गोष्ट दक्षिणेला पुन्हा दिसते. ए-25 महामार्ग झाल्यावर एसएस-5 ओस पडला. तो मुळात रोमनांच्या व्हिया व्हालेरिया या रस्त्याचा वारस, फोर्का कारुझोच्या 1107 मीटरवरच्या खिंडीतून जाणारा. (पास्सो, फोर्का, व्हालिको, सेल्ला असे चार शब्द इटालियन लोक वापरतात. आपलं एका 'घाटा'त भागतं, आणि तो चढायचाही असतो नि उतरायचाही.) तेव्हा शांत रस्ता शोधायची युक्ती सोपी आहे. नकाशावर सर्वांत जाड रेघ पाहायची आणि तिच्या आसपास वेडीवाकडी वळणं घेणारी बारीक रेघ पकडायची. जाड रेघेवर जिथे बोगदा दिसेल, तिथे बारीक रेघेवर शांतता मिळेल.

पाट्याही वाचता यायला हव्यात. हिरवी पाटी महामार्गाची, तिकडे वळायचंच नाही. निळ्या चौकोनात पांढरी मोटार दिसली तर तो रस्ता फक्त इंजिनवाल्यांचा, जरी तो महामार्ग नसला तरी. 'फ्राना' म्हणजे दरड. 'स्त्रादा क्यूझा' म्हणजे रस्ता बंद; पण का बंद, ते खालच्या गावातल्या बारमध्ये एक कॉफी घेऊन विचारावं. खडी पडलेली असेल तर सायकल उचलून पलीकडे जाता येतं. पूलच गेला असेल तर चढलेले सहाशे मीटर पुन्हा उतरायचे, आणि त्यासारखं दुःख नाही.

मात्र वाहनं जिथून जातात तिथून दुकानंही जातात. रस्ता शांत आहे, कारण त्यावर कोणी राहिलेलं नाही. केळी विकायला नाही, पंक्चर काढायला तर नाहीच. गावात किराण्याचं दुकान असलंच, तर ते दुपारी एकच्या सुमारास बंद होतं आणि चार-पाचपर्यंत उघडत नाही. रविवारी दुपारनंतर आशाच सोडावी. म्हणून सकाळी अकरालाच जेवणाची सोय करून ठेवायची. दुकानात वजन 'एत्तो'त मागतात. एक एत्तो म्हणजे शंभर ग्रॅम. दोन एत्तो चीज आणि एक पाव एवढ्यात एका माणसाची दुपार निघते. पाण्याचं मात्र सुख आहे. डोंगराळ गावांत चौकाचौकात दगडी झरा असतो. 'नोन पोताबिले' लिहिलेलं नसेल आणि गावकरी भरून घेत असतील, तर बाटली बिनधास्त लावावी.

आता खरा विषय, गिअर. सायकल बघायला येणारे आधी वजन विचारतात, आणि तिथेच चुकतात. माणूस 70 किलो, सायकल 14, सामान 12, म्हणजे एकूण 96 किलो. सात टक्क्यांच्या चढावर ताशी सहा किलोमीटर वेगाने गेलं, तर तासाला 420 मीटर उंची चढते आणि निव्वळ उचलायलाच 110 वॅट लागतात. दिवसभर पुरणारा दम साधारण एवढाच असतो. हजार मीटरचा घाट म्हणजे सव्वादोन-अडीच तास. सामानातले दोन किलो कमी केले तर त्यातली तीनेक मिनिटं वाचतात. गिअर चुकला तर गुडघा जातो.

हिशेब असा. 700 बाय 35 चं चाक एका फेरीत 2.17 मीटर जातं. पुढे 34 दात आणि मागे 28, म्हणजे शर्यतीच्या सायकलचा सर्वांत हलका गिअर घेतला, तर पेडलच्या एका फेरीत 2.63 मीटर. ताशी सहाच्या वेगाला मिनिटाला जेमतेम 38 फेऱ्या पडतात. हे पेडल मारणं नव्हे, विहिरीवरचा रहाट ओढणं आहे. पुढे 26 आणि मागे 36 दात लावले, की त्याच वेगाला 64 फेऱ्या होतात. पाय फिरत राहतात, श्वास लागतो पण तुटत नाही. पुढची छोटी चकती बदलणं हा या प्रवासातला सर्वांत शहाणा खर्च. महागडी हलकी फ्रेम हा सर्वांत हौशी.

उतारावर तीच ताकद परत मिळते, पण ब्रेकमध्ये. सात टक्क्यांवर ताशी 25 ला ब्रेक घासत उतरलं, तर वाऱ्याचा आणि टायरचा वाटा वजा करूनही तीनशे वॅटच्या वर उष्णता सतत रिममध्ये किंवा डिस्कमध्ये जाते. साधारण अर्धी इस्त्री. रिमवर दाबणारे ब्रेक असतील, तर रिम तापते, ट्यूबमधली हवा फुगते आणि नको त्या वळणावर टायर फुटतं. उपाय घासण्याचा नाही, सोडण्याचा आहे. सरळ पट्ट्यावर ताठ बसून छाती वाऱ्याला द्यायची, वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात दाबायचे, वळणात सोडायचे. ब्रेकच्या रबरांची एक जादा जोडी जवळ असावी. ओल्या रस्त्यावरची वाळू ती दोन दिवसांत खाऊ शकते. वर पोचताना घाम आणि उतरताना हुडहुडी, हे ठरलेलं. हजार मीटरला सहा-साडेसहा अंश उतरतात, त्यात वारा वेगळा. शर्यतवाल्यांची जुनी युक्ती अजून चालते. बारमधलं कालचं वर्तमानपत्र मागून घ्यायचं आणि शर्टाच्या आत छातीवर लावायचं.

चाकाची तार (स्पोक) तुटली तर ती बहुधा मागच्या चाकाची, उजवीकडची, चेनच्या बाजूची. तिथे ताण सर्वांत जास्त, वर सामानाचा भार. बदलायला कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा संच, काढावी लागते आणि तिची अवजारं जड. म्हणून मजबूत दोरीची, केव्हलारची आणीबाणीची तार न्यावी. ती कॅसेट न काढता ओवता येते. तीही नसेल, तर तुटलेल्या तारेच्या दोन्ही बाजूंच्या डाव्या तारा अर्धा-अर्धा आटा सैल कराव्यात. चाक ब्रेकला लागायचं थांबतं आणि पुढचं शहर गाठता येतं. खऱ्या तारा तीन ठेवाव्यात. डाव्या-उजव्या बाजूंची लांबी एक-दोन मिलिमीटरने वेगळी असते, हे घरीच मोजून ठेवलेलं बरं.

ग्रान सास्सोच्या कांपो इंपेरातोरे पठारावर झाड नाही. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी दोननंतर ढग गडगडायला लागतात, आणि तिथे सर्वांत उंच वस्तू म्हणजे आपलं डोकं. पहाटे सहाला निघावं. मेंढ्यांचे कळप याच माळावर असतात आणि त्यांचे पांढरे मारेम्मानो कुत्रेही. मेंढपाळ दिसत नाही, कुत्रे दिसतात. लांडग्यापासून मान वाचावी म्हणून काहींच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असतो. पळणाऱ्याचा पाठलाग करणं हे त्यांचं काम, तेव्हा पळू नये. उतरायचं, सायकल मध्ये धरायची, हळू आवाजात काहीही बोलत चालत राहायचं. मराठीत बोललं तरी चालतं. कळपाच्या मधून मात्र जायचं नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्याला एकच वाट सांगायची झाली, तर सुल्मोनाहून सागित्तारिओ नदीच्या घळीतून स्कान्नोला, आणि पुढे पास्सो गोदीला, सुमारे 1630 मीटरवर. चढ एकूण सव्वा हजार मीटरचा. घळीत खडकात कोरलेले छोटे बोगदे आहेत. तिथे दिवा आणि चकाकतं जाकीट हवं, बोगद्यात ते कायद्यानेच घालावं लागतं. खिंडीपलीकडे व्हिल्लेत्ता बारेया, जिथे हरणं गल्लीतून फिरतात. इथून सांग्रो नदी समुद्रापर्यंत सोबत करते. खोऱ्याच्या तळातून पूल-बोगद्यांचा एसएस-652 जातो, तो गाड्यांना द्यावा. जुना रस्ता गावागावातून वरखाली होत, स्वयंपाक्यांचं गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्हिल्ला सांता मारियावरून, उशिरा पण पोचवतो.

सांग्रोच्या मुखाजवळ, तोरिनो दी सांग्रोच्या टेकडीवर, दुसऱ्या महायुद्धातलं दफनस्थळ आहे. त्यातच अग्निसंस्कार झालेल्या पाचशेहून अधिक भारतीय सैनिकांचं स्मारक. 1943 च्या नोव्हेंबरात आठवी भारतीय डिव्हिजन या नदीवर लढली, आणि तिच्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीची पलटण होती. टेकडीचा चढ छोटा आहे, सामान खाली ठेवून जावं.

खाली समुद्रालगत ओर्तोना ते व्हास्तो अशी चाळीसेक किलोमीटरची सपाट सायकलवाट. इथे पूर्वी रेल्वे धावायची; ती आत, बोगद्यांत सरकवली आणि रूळांची जागा सायकलींना मिळाली. आइस्क्रीम खाणारी पोरं, ढकलगाड्या, लाकडी खांबांवरचे मासेमारीचे मचाण बघत मध्येच थांबणारी माणसं. इटलीत सायकलला घंटी सक्तीची आहे. घाटांत आठवडाभर ती वाजवायला कोणी भेटत नाही, आणि इथे पोचेपर्यंत धुळीने बसलेली असते. तेलाचा एक थेंब तिच्यासाठी राखून ठेवावा.